मुलाची संध्याकाळ

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून ठरलेला संवाद सुरू होतो. पेढे आले तर ‘मूळचाच हुशार हो!’ आणि नाही आले तर ‘अभ्यास करील तर शपथ!’ मूल महापालिकेच्या अगर जिल्हा परिषदेच्या शाळेतले असले, तर आणखी एक वाक्य जोडले जाते, ‘तिथे शिकवतात तरी काय!’ डोके, आळस आणि शाळा हे तीन आरोपी वर्षानुवर्षे पिंजऱ्यात उभे आहेत. चौथ्याकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. तो म्हणजे मुलाची संध्याकाळ.

मुंबईत वरळीला सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘अभ्यास गल्ली’. आसपासच्या चाळींतली मुले रस्त्यावरच्या दिव्यांखाली बसून तिथे पिढ्यानपिढ्या शिकली. का, ते कळायला बीडीडी चाळीतली खोली पाहावी. 1920 नंतर बांधलेल्या या चाळींत एकेका कुटुंबाला जागा 160 चौरस फूट. त्यात खाट, शेगडी, ट्रंका, आजोबांचा खोकला, आल्यागेल्या पाहुण्यांच्या गप्पा आणि टीव्ही. वहीत त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढणाऱ्या मुलाला स्वतःला बसायलाच क्षेत्रफळ नाही!

दिव्याखाली शिकून मोठ्या झालेल्यांचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या बहिणींचे काय? रात्री दहानंतर मुलीला रस्त्यावर बसू देणारी घरे किती? तिची संध्याकाळ पाणी भरण्यात, पोळ्या लाटण्यात आणि धाकट्याला खेळवण्यात जाते. पुस्तक उघडेपर्यंत डोळे मिटू लागतात.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आता त्या मुलांचे मार्क वाढतील का? छातीठोकपणे सांगवत नाही. जागा वाढली म्हणून शांतता वाढते असे थोडेच आहे? मोठ्या घरात टीव्हीही मोठा येतो, आणि मोबाइल तर खिशातच असतो.

घराचा हा वाटा केवढा, हे अमेरिकेत 1966 साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या अहवालाने दाखवले. सुमारे 4 हजार सरकारी शाळा आणि 6 लाखांच्या आसपास मुले त्यात पाहिली होती. इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांनीच फरक पडत असणार, अशी पुष्कळांची समजूत होती. निघाले भलतेच. मुलाच्या घरची परिस्थिती शाळेच्या सामानसुमानापेक्षा भारी पडत होती. सोबत कोण बसते यालाही महत्त्व होते. ‘मग शाळेने करायचे तरी काय?’ असा सोयीचा अर्थ काहींनी काढला. तो मला पटत नाही. चांगल्या शिक्षकामुळे एका वर्षातही मुलाची प्रगती किती पालटते, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलेच आहे.

आपल्याकडे खरी अडचण नववीत येते. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी. शाळेतले दुपारचे जेवणही आठवीपर्यंतच. नववीत बीजगणित आणि भूमितीची स्वतंत्र पुस्तके हातात पडतात. अंग वाढीला लागलेले, भूक दुप्पट, आणि समोरचे ताट मात्र उचललेले! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या दर 100 मुलींपैकी सुमारे 59 जणींना रक्तक्षय आढळला. शेवटच्या तासाला अशी मुलगी पेंगते आणि बाई प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ असा शेरा मारतात. मागच्या बाकावरच्या एखाद्याला फळा धूसर दिसतो. तो 3 चा 8 उतरवतो आणि गणितात कच्चा ठरतो. शिकवणीची फी भरण्याआधी एकदा त्याचे डोळे तपासून घ्यावेत. खर्चही कमीच येतो.

आणि शाळेची संध्याकाळ? सहा वाजले की पुष्कळ शाळांच्या फाटकाला कुलूप पडते. आत बाके रिकामी, दिवे बंद. बाहेर त्याच शाळेतली मुले बसायला पायरी शोधत हिंडतात. वर्ग आहेत, वीज आहे. हवा एक रखवालदार आणि शंका सोडवणारे एखादे माणूस. मुलींना अशा ठिकाणी पाठवायला पुष्कळ आया तयार असतात. अडते ते एकाच गोष्टीवर, रात्री नऊ वाजता तिला घरी आणायला जायचे कोणी?