रात्रीचे पाणी, अपुरी झोप आणि मेंदूच्या नसा



ऊस विकास विभागाचे आम्ही लोक बेणे, खत, पाणी यांवरच बोलत आलो. आज उसाच्या मालकाच्या प्रकृतीविषयी थोडे लिहितो.

सिहोरा भागात फिरताना, ज्यांच्या फीडरला रात्रीची लाईट असते असे सभासद सकाळी डोळे चोळत बांधावर भेटतात. बीपीच्या गोळीचे विचारले, तर म्हणतात, "डोकं तर दुखत नाही जी, मंग गोळी कायले खाऊ?" धोका इथेच आहे. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत 10 ते 20 टक्के उतरतो व नसांना विसावा मिळतो. जागरण झाले की दाब चढाच राहतो. पाइपलाइनवर रात्रंदिवस जादा प्रेशर ठेवले तर काय होते, हे आपण जाणतोच. मेंदूतील बारीक नसांच्या भिंती जाड व कडक होतात. मग एखादी बंद पडते, एखादी फुटते. हाच लकवा. लहान नसा गुपचूप बंद पडत गेल्या तर स्मरणशक्ती कमी होते.

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीतील 86 गावांत 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळातील मृत्यूंची कारणे तपासली. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला. तेच पहिल्या क्रमांकाचे कारण होते.

तेव्हा एवढे कराच :

1) तिशी ओलांडलेल्यांनी वर्षातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजावा. वारंवार 140/90 किंवा जास्त भरला तर औषधाचे डॉक्टरांना विचारावे. सुरू झालेली गोळी मनाने सोडू नये.

2) रात्रीच्या पाण्याला घरातल्यांनी किंवा शेजाऱ्यांनी पाळी लावावी. जागरण झाले तर दिवसा झोप भरून काढावी. जमेल त्यांनी ठिबक किंवा सौर पंपाचा विचार करावा.

3) झोप येऊ नये म्हणून खर्रा खाऊ नये. तंबाखूने दाब आणखी चढतो. मीठ दिवसाला एक लहान चमचा पुरे, लोणचे-पापडातले धरून.

4) मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे असेल तर डॉक्टरांना सांगावे.

5) तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश व झाडफूक करीत बसू नये. लगेच 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

ऊस तोडला तरी खोडवा फुटतो. माणसाचे तसे नाही. जवळ येईल त्या दिवशी दाब मोजून घ्या, हीच आमची विनंती.