सुटे भाग, जुळते भाग : घरी जोडावयाच्या संगणकाची निवड

संगणक विकत घेण्याचे दोन मार्ग आहेत. एखाद्या नामांकित कंपनीने आपल्या कारखान्यात जोडून खोक्यात बंद केलेला संगणक घ्यावा, हा पहिला. निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग निवडून ते दुकानात किंवा घरी जोडून घ्यावेत, हा दुसरा. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे ‘असेंबल्ड’ म्हणतात आणि तो शब्द बहुधा ‘स्वस्त’ या अर्थानेच वापरला जातो. वस्तुतः या मार्गाचा खरा लाभ निराळा आहे. अशा संगणकाचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, गरज वाढली तर तेवढाच वाढवता येतो. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते. निवडलेला प्रत्येक भाग इतर सर्व भागांशी जुळला पाहिजे.

ही अट इस्लापूर परिसरातील कुटुंबांना शहरातल्यांपेक्षा अधिक जाचक ठरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडलगत, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गालगत राहणाऱ्याने चुकीचा मदरबोर्ड घेतला, तर तो संध्याकाळी जाऊन बदलून आणू शकतो. किनवट तालुक्यातील पालकाला सुट्या भागांसाठी नांदेड गाठावे लागते. तेथे न मिळालेली वस्तू सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून किंवा मुंबईहून मागवावी लागते. न जुळलेला एक भाग म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा रजा किंवा बुडालेली रोजी, आणि दुकानदाराने परत न घेतल्यास कापूस-सोयाबीनच्या पैशातून बाजूला काढलेली रक्कम वाया. म्हणूनच विद्यालयाच्या या स्मरणिकेत, नांदेड-लातूरला उच्च शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी, हा विषय पायरीपायरीने मांडत आहे.

भाग एकमेकांत बसतात तरी का?

वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले भाग एकाच पेटीत नांदतात याला इतिहास आहे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून तिने इतर कंपन्यांचे तयार भाग वापरले आणि त्याच्या रचनेचा तांत्रिक तपशीलही प्रसिद्ध केला. त्यामुळे इतरांना त्याला जुळणारे भाग आणि पुढे तसेच संपूर्ण संगणक बनवता आले. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक मांडले. त्याने मदरबोर्डाचे आकारमान, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आणि वीजजोडणीची पद्धत ठरवून दिली. आज नांदेडच्या दुकानातील कॅबिनेट आणि तैवानी कंपनीचा मदरबोर्ड एकमेकांना चपखल बसतात ते या मानकांमुळे. मानके मात्र काळानुसार बदलतात. न जुळणाऱ्या भागांचे बहुतेक प्रसंग दोन वेगवेगळ्या काळांतील मानकांची सरमिसळ झाल्याने उद्भवतात.

पहिली जोडी : प्रोसेसर आणि मदरबोर्ड

निवडीचा आरंभ प्रोसेसरपासून करावा, कारण पुढील बहुतेक निर्णय त्यावर अवलंबून असतात. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या दहाव्या व अकराव्या पिढीसाठी एलजीए १२०० आणि बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० हे सॉकेट आहे. एएमडीच्या रायझन मालिकेत आधी एएम ४ आणि २०२२ पासून एएम ५ हे सॉकेट आले. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

परंतु सॉकेटचे नाव जुळले म्हणजे काम झाले असेही नव्हे. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांच्या सॉकेटचे नाव एकच आहे, एलजीए ११५१. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या मदरबोर्डावर चालत नाही. तो बसतो, पण संगणक सुरू होत नाही. दुसरी अडचण बायोसची. मदरबोर्डावरील बायोस हा मूलभूत प्रोग्राम जुना असेल, तर त्यानंतर आलेला प्रोसेसर त्याला ओळखता येत नाही. जुन्या साठ्यातील एच ६१० मदरबोर्डावर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावल्यास हाच अनुभव येऊ शकतो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक मदरबोर्ड-कंपनी आपल्या संकेतस्थळावर त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देते आणि कोणत्या बायोस आवृत्तीपासून तो चालतो हेही सांगते. खरेदीपूर्वी ही यादी पाहावी आणि बायोस अद्ययावत करून देण्याची हमी दुकानदाराकडून घ्यावी.

येथे एका शब्दाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. ‘आय-फाइव्ह कॉम्प्युटर, अगदी स्वस्तात’ अशी जाहिरात पुष्कळदा दिसते. आय-फाइव्ह हे श्रेणीचे नाव आहे, पिढीचे नव्हे. पिढी त्यापुढील आकड्यात असते. आय-५ ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा प्रोसेसर. आय-३ १२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ चा. नावाने धाकटा असलेला हा आय-थ्री त्या जुन्या आय-फाइव्हपेक्षा बराच वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढील पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक घेऊच नये असे नाही. त्यावर उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस यांसारखी लिनक्सवर आधारित प्रणाली टाकून अभ्यास, लेखन आणि प्रोग्रॅमिंग शिकणे शक्य आहे. परंतु जुन्या वस्तूला जुन्या वस्तूचीच किंमत द्यावी.

दुसरी जोडी : मदरबोर्ड आणि रॅम

रॅमच्या डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा पिढ्या आज बाजारात दिसतात. त्यांना लागणारा विद्युत्दाब अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट असतो आणि पट्टीच्या खालच्या कडेवरील खाच प्रत्येकीत निराळ्या जागी असते. ही खाच चुकीची रॅम बसू नये म्हणूनच ठेवलेली आहे. रॅम सहज बसत नसेल तर जोर लावू नये, आधी वेष्टन वाचावे. एएम ४ ला डीडीआर ४ लागते आणि एएम ५ ला केवळ डीडीआर ५. एलजीए १७०० मध्ये मात्र दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात, पण एका बोर्डावर सामान्यतः एकच प्रकार चालतो. त्यामुळे ‘बाराव्या पिढीची रॅम द्या’ असे म्हणणे अपुरे आहे. बोर्डाचे पूर्ण मॉडेल सांगावे. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपमध्ये बसत नाही. १६ जीबी घ्यावयाची असल्यास ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घेणे हितावह, कारण प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहितीची देवाणघेवाण करू शकतो.

साठवण, चित्र आणि पडदा

साठवणुकीसाठी आता एसएसडी घ्यावी. एम.२ प्रकारची लहान पट्टीसारखी एसएसडी दोन तऱ्हांची असते, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. पण केवळ एका तऱ्हेला वाव देणारी खाच मदरबोर्डावर असल्यास दुसरी ओळखली जात नाही. पट्टीवरील २२८० हा आकडा तिची रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर असल्याचे सांगतो.

पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्सची सोय काही प्रोसेसरांत अंगभूत असते, काहींत नसते. इंटेलच्या या पिढ्यांत आकड्यामागे ‘एफ’ असेल तर ती नाही असे समजावे. आय-५ १२४०० मध्ये ती आहे, १२४०० एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये ती नाही, ५६०० जी मध्ये आहे. केवळ किंमत कमी दिसते म्हणून ‘एफ’ प्रोसेसर घेतला आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतले नाही, तर सर्व भाग निर्दोष असूनही पडदा काळाच राहतो. जुना मॉनिटर वापरावयाचा असल्यास त्याची जोडणीही पाहावी. व्हीजीए मॉनिटर आणि केवळ एचडीएमआय असलेला मदरबोर्ड साध्या वायरने जोडता येत नाहीत, मध्ये परिवर्तक लागतो.

पेटी, थंडावा आणि वीज

मदरबोर्डाचे तीन आकार प्रचलित आहेत. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट होत नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची किती चालेल हेही कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेले असते. जुना कूलर नव्या बोर्डावर लावण्याचा मोह होतो. परंतु आधीच्या ११५ एक्स मालिकेच्या व १२०० च्या सॉकेटभोवतीची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर होती, तर एलजीए १७०० मध्ये ती ७८ मिलिमीटरवर आहेत. वेगळी पट्टी मिळाल्याशिवाय तो कूलर घट्ट बसत नाही आणि सैल बसलेला कूलर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्रोसेसरला नीट थंड ठेवू शकत नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि अखेरीस संगणक बंद पडतो.

यापुढील भाग म्हणजे एसएमपीएस. सर्व भागांना योग्य दाबाची वीज पुरवणारी ही पेटी अनेकदा कॅबिनेटसोबत ‘फुकट’ दिली जाते, आणि बचत करू नये अशी जागा हीच आहे. हिशेब कठीण नाही. आय-३ १२१०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून सुमारे ५० वॅट धरले, तरी एकूण गरज १५० वॅटच्या आत राहते. चांगल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणित ४५० वॅटचा एसएमपीएस येथे पुरून उरतो. पुढे ग्राफिक्स कार्ड लावावयाचे झाल्यास पुन्हा हिशेब करावा. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, ६ पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत. ती जोडणी आपल्या एसएमपीएसला आहे का, हे आधीच पाहावे. काही मोठ्या कंपन्यांच्या जुन्या कार्यालयीन संगणकांत एसएमपीएसची जोडणी आणि आकार प्रमाणित नसून त्या कंपनीचे स्वतःचे असतात. असा संगणक स्वस्त मिळाला तरी त्यात पुढे वाढ करणे अवघड जाते.

गावातील विजेचा चढउतार आणि भारनियमन लक्षात घेता यूपीएस आवश्यकच आहे. यूपीएसवरील व्हीए हा आकडा म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. वरील संगणक आणि मॉनिटर यांस तो पुरेसा आहे, ग्राफिक्स कार्डासह कदाचित नाही. त्याहून महत्त्वाचे अर्थिंग. अनेक घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते. संगणकाच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात त्या यामुळेच. नवा संगणक घरात येण्यापूर्वी तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तो खर्च कोणत्याही भागाच्या किमतीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

खरेदीला निघताना

एक जुळणारा संच उदाहरणादाखल असा मांडता येईल. आय-३ १२१०० प्रोसेसर, डीडीआर ४ चा एच ६१० मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर ४ पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, मायक्रो एटीएक्स कॅबिनेट, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि ६०० व्हीएचा यूपीएस. अंगभूत ग्राफिक्स असल्याने स्वतंत्र कार्डाची गरज नाही. बारावीनंतरच्या बहुतेक शाखांना, प्रोग्रॅमिंगला आणि ऑनलाइन वर्गांना हा संच पुरेसा आहे. याच धर्तीवर एएमडीचा संच रायझन ५ ५६०० जी आणि एएम ४ चा बी ५५० मदरबोर्ड घेऊन करता येतो. त्यालाही डीडीआर ४ च लागते.

दुकानात जाण्यापूर्वी ही यादी पूर्ण मॉडेल-क्रमांकांसह कागदावर लिहावी. दुकानदाराने ‘हा नाही, पण त्यासारखाच दुसरा आहे’ असे सांगितल्यास त्या दुसऱ्याचे सॉकेट, रॅमचा प्रकार आणि आकार ताडून मगच होकार द्यावा. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असलेले जीएसटी बिल घ्यावे, कारण हमी संगणकाची नसते. प्रत्येक भागाची स्वतंत्र असते. शक्य असल्यास दुकानातच जोडणी करून, पडद्यावर बायोसमध्ये प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तिन्ही दिसतात हे पाहूनच निघावे. परतीची गाडी चुकली तरी चालेल, पण ही तपासणी चुकवू नये.

आणि जोडणीच्या वेळी मुलाला किंवा मुलीला शेजारी उभे करावे. शक्य तर स्क्रू तिच्याच हातून घट्ट करवून घ्यावेत. स्वतः जोडलेल्या यंत्राची भीती राहत नाही. पुढे कधी तो बंद पडला, तर ती पेटी उघडून रॅम काढून पुन्हा बसवील, कोणती वायर सैल झाली ते पाहील, आणि नांदेडला जाण्याची वेळ आलीच तर कोणता भाग आणावयाचा हे तिला नेमके ठाऊक असेल.