झाडावरची झाडं (भाग ४) : बांडगूळ फांदीवर चढलं कधी?

उन्हाळ्यात नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर फिरताना सागाच्या उघड्या फांद्यांत मधेच एखादा हिरवागार झुबका दिसतो. साग पानं गाळून पाणी वाचवत उभा असतो, आणि त्याच्याच जिवावर बांडगूळ भर मे महिन्यात पानापानांतून पाणी उडवत असतं. मागच्या भागातल्या अमरवेलीत हिरवेपणा जवळजवळ उरलेलाच नाही. बांडगूळ तितकं परावलंबी नाही. अन्न बरंचसं ते आपल्या पानांत तयार करतं; झाडाकडून ओढतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार.

एवढ्यासाठी फांदीवर चढायची गरज काय? शेजाऱ्याच्या मुळाला मातीखालीही तोंड लावता येतं. बांडगुळाच्याच गणातलं चंदन तेच करतं. खुद्द बांडगुळाच्या लोरँथेसी कुळातले तीन वंश अजून जमिनीवरच उभे आहेत. त्यातलं पश्चिम ऑस्ट्रेलियातलं न्यूट्सिया तर चांगलं वाढलेलं झाड आहे. नाताळाच्या सुमारास ते पिवळ्या-नारिंगी फुलांनी भरून जातं आणि मातीखाली आजूबाजूच्या गवताच्या मुळांनाही डसतं. मुळातली चोरी ही जुनी रीत, फांदी नंतरची.

कारण जंगलात सापडतं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी फार उष्ण होती आणि दाट, उंच जंगलं दूरवर पसरली होती. अशा रानात तळाशी ऊन पोचत नाही. मुळातून पाणी चोरलं तरी हिरव्या पानाला उन्हावाचून काम नाही, आणि ऊन होतं वर. तिथं जागा मिळाली की दोन्ही एकदमच मिळतं.

पण बी वर न्यायचं कुणी? बांडगुळाचं पिकलेलं फळ बोटांनी चिरडून बघा. आतल्या चिकट गराला तार सुटते आणि बी काही केल्या बोटावरून झटकलं जात नाही. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी हे फळ गिळतो. काही मिनिटांत बी विष्ठेतून बाहेर येतं, शेपटीखाली लोंबतं, म्हणून तो बूड फांदीला घासतो. झाली पेरणी! बी फांदीवरच रुजतं आणि सालीत शोषकमूळ खुपसतं. परागण करायलाही पुन्हा शिंजीर आणि फुलटोचेच.

हे केव्हा जमलं, यावर अभ्यासकांचा हिशेब बदलला आहे. विदाल-रसेल आणि निकरेंट यांनी २००८ मध्ये जनुकांवरून काळ मोजला आणि या कुळाची फांदीवरची चढाई २.८ कोटी वर्षांपूर्वीची ठरवली, म्हणजे गवताळ माळरानं पसरू लागली तेव्हाची. निकरेंट यांचाच सहभाग असलेल्या २०१८ च्या अभ्यासानं ती ५ कोटींपर्यंत मागे नेली, थेट दाट जंगलांच्या भरात. पुढे गाणाऱ्या पक्ष्यांची भरभराट झाली तशी बांडगुळंही फोफावली. मला दुसरा हिशेब पटतो. ऊन मुबलक असलेल्या माळावर फांदी गाठण्याची एवढी घाई कुणाला असेल?

यात आपलं नागपूर कुठं बसतं? ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतले इथल्या टाकळीचे जीवाश्म दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळातले. पलीकडे छिंदवाड्यातल्या मोहगाव कलानला तशाच गाळात ताडकुळातली खोडं सापडतात, खाडीच्या दलदलीत वाढणाऱ्या निपाचं फळसुद्धा. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं दमट हिरवाई होती. यजमान तयार होते, बांडगूळ नव्हतं. त्याचं कुळ २०१८ च्या हिशेबानं ५.९ कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मलं, आणि भारत तेव्हा समुद्रातून एकटा उत्तरेकडे सरकत होता. तो आशियाला भिडल्यावरच हे पाहुणे विदर्भात आले असणार. पुढे दमट रान जाऊन पानगळीचं आलं, तरी बांडगूळ तगलं, कारण ते यजमानाबाबत मुळीच चोखंदळ नाही. आपल्याकडच्या डेंड्रोफ्थी फाल्काटा या बांडगुळाची नोंद तीनशेहून जास्त जातींच्या झाडाझुडपांवर आहे.

ज्वारीच्या पिकातला टारफुला, हाही परजीवीच, पण अगदी दुसऱ्या टोकाचा. तो गवतांच्या उघड्या जगातला, त्याला वर चढायचं कारणच पडलं नाही. तो अजून मुळालाच डसतो.

सुट्या, उन्हातल्या झाडांवर बांडगूळ जास्त जोमानं वाढतं, म्हणून दाट रानापेक्षा रस्त्याकडेच्या आंब्यावर ते अधिक डोळ्यांत भरतं. परसातल्या आंब्यावरचं काढायचं तर नुसता झुबका ओरबाडू नका. मूळ फांदीच्या आत पसरलेलं असतं. गाठीच्या खाली हातभर अंतरावर फांदी छाटा, तीही फळं पिकण्याआधी. सेमिनरी हिल्सवरचं, गोरेवाड्यातलं मात्र राहू द्या. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन यांनी काही रानांतली बांडगुळं मुद्दाम काढून पाहिली, तेव्हा तीन वर्षांत तिथल्या रानपक्ष्यांच्या सुमारे पाव जाती नाहीशा झाल्या.

पुढच्या आठवड्यात : चंदन.