मोठी चाके लावली की पिकअप का कमी होतो?

नाशिकच्या महिंद्र कारखान्यात बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्या बनतात आणि शहरातल्या गॅरेजांत, टायरच्या दुकानांत आपले अनेक कारागीर बंधू अशाच गाड्यांवर पोट भरतात. अलीकडे गिऱ्हाईक मोठी अलॉय चाके आणि रुंद टायर मागते. चाके लावून गाडी रुबाबदार दिसते. पण कसारा घाट चढताना ती दमते आणि तक्रार फिटरकडे येते. म्हणून चाक बदलल्याने नेमके काय होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट चाकाच्या उंचीची. इंजिनाचा पीळ गिअरमधून अॅक्सलपर्यंत येतो आणि चाक तो जमिनीला देते. अॅक्सलपासून जमीन जितकी लांब, तितका जमिनीवरचा जोर कमी. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५ आहे. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, तिचे ७५ टक्के म्हणजे टायरच्या बाजूची उंची, आणि १५ इंचांची रिंग. हिशेब केला तर चाकाची उंची ७०३ मिलिमीटर भरते. त्याच रिंगवर २३५/७५ चा टायर चढवला, तर ती ७३३ होते. म्हणजे सव्वाचार टक्के वाढ, आणि प्रत्येक गिअरमध्ये ओढ सुमारे चार टक्क्यांनी कमी. ब्रेकची पकडही तितकीच ढिली पडते. मीटर ६० दाखवतो, तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असते.

दुसरी गोष्ट वजनाची. सुरीला धार लावणाऱ्याचा दगड पाहा. दगड जड असेल तर वेग घ्यायला वेळ लागतो, आणि वजन कडेला असेल तर आणखी वेळ लागतो. गाडीच्या चाकाला दोन कामे असतात. ते पुढेही जाते आणि फिरतेही. म्हणून टायरच्या कडेचा एक किलो गाडीला जवळजवळ दोन किलोंसारखा लागतो, मधल्या भागातला त्याहून कमी.

'चाकाचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो' असे बाजारात सांगितले जाते. ते खरे नाही. समजा, गाडी १००० किलोंची आहे आणि प्रत्येक चाक ३ किलोंनी जड झाले. एकूण १२ किलो वाढले. ते फार तर २४ किलोंइतके जाणवतील. म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. शून्यापासून १०० चा वेग घ्यायला १५ सेकंद लागत असतील, तर फरक सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा. शर्यतीत तो मोठा, रोजच्या वापरात लहान. जड चाकाचा खरा त्रास खड्ड्यांत होतो. ते वरखाली उसळते आणि शॉकअॅब्सॉर्बर, बुश, बेअरिंग लवकर झिजवते. बाजू पातळ असलेला टायर असेल तर रिंगही वाकते.

शर्यतवालेही केवळ मोठ्या चाकामागे धावत नाहीत. नाशिक परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र ही स्पर्धा झालेली आहे. जागतिक रॅलीत खडीच्या रस्त्यावर १५ इंची रिंग वापरतात, डांबरी रस्त्यावर १८ इंची, कारण तिथे मोठ्या ब्रेक डिस्कला आत जागा लागते. गरज पाहून चाक निवडतात, शोभा पाहून नाही.

अलॉय म्हणजे हलके, हाही गैरसमज आहे. १७ इंची अलॉय १५ इंची लोखंडी रिंगपेक्षा जड असू शकते. म्हणून जुने चाक आणि नवे चाक टायरसकट काट्यावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवावे.

रिंग मोठी हवीच असेल तर टायरची बाजू कमी करून बाहेरची उंची तीच राखावी. स्विफ्ट गाडीत १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ असे दोन्ही टायर कंपनीच देते. पहिल्याची उंची ६१९ मिलिमीटर, दुसऱ्याची ६२१. ओढीत फरक जवळजवळ नाहीच. त्याच मॉडेलमध्ये कंपनीने दिलेले माप निवडणे सर्वांत सुरक्षित.

कायद्याकडेही लक्ष हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा निघू शकतो आणि चाक कोणी बसवले हे विचारले जाते.

तेव्हा काम हाती घेताना दाराजवळच्या पट्टीवरचे टायरचे माप वाचावे, नव्या चाकाची उंची काढावी, टायरची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नाही ना ते पाहावे, बोल्टचे अंतर व मधले भोक बरोबर बसते का ते तपासावे आणि बिलावर माप लिहावे. ओढ किती कमी होईल हे आधीच सांगितले, तर एखादा सौदा हुकेल; पण तक्रार घेऊन परत येणारे गिऱ्हाईक नवे काम घेऊन येईल.