हिराई
हिराई : मराठी स्त्रीनाम. ‘हिरा’ या रत्नवाचक शब्दास ‘आई’ हे आदरार्थी पद जोडून ते सिद्ध झाले आहे. चंद्रपूरच्या गोंड राजघराण्यातील राणी हिराई हिच्यामुळे हे नाव या भागात विशेष परिचित आहे.

व्युत्पत्ती : संस्कृतमध्ये हिऱ्यास ‘वज्र’ व ‘हीर’, ‘हीरक’ असे शब्द आहेत. मराठी ‘हिरा’ हा हीर या शब्दापासून आला. वज्र शब्दाचे प्राकृत रूप ‘वइर’ असून गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड या स्थलनामाचा संबंध ‘वज्राकर’ म्हणजे हिऱ्याची खाण या शब्दाशी जोडतात. तेथील खाणीचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आढळतो. अशा रीतीने हिऱ्याचा जुना शब्द या प्रदेशात गावाच्या नावात, तर दुसरा स्त्रीच्या नावात टिकून आहे.

नावातील ‘आई’ या पदाने त्या स्त्रीचे मातृत्व नव्हे, तर तिच्याविषयीचा आदर सूचित होतो. मुक्ताई, जनाई या नावांतही तेच पद दिसते. मुक्ताई या नावातील ‘मुक्ता’ म्हणजे मोती. मात्र ‘मुक्त झालेली’ हा अर्थही त्यात संभवतो. हिराई या नावास असा दुसरा अर्थ नाही. हिरा, हिराबाई व हिरकणी ही याच गटातील नावे होत.

प्रादेशिक संदर्भ : चांद्याच्या गोंड राजांच्या परंपरागत यादीत हीरसिंह व हीरशाह ही पुरुषनामेही येतात. गोंडी ही द्राविड भाषा असली, तरी हिराई या नावाची घडण मराठी आहे. गोंड दरबाराचा मराठी भाषेशी आलेला निकटचा संबंध त्यावरून दिसतो. पूर्वीच्या राजुरा तालुक्यातील माणिकगड किल्ल्याचे नाव नागवंशीयांच्या माणिक्यदेवीवरून पडले, अशी परंपरा आहे. स्त्रीदेवतेस रत्नाचे नाव देण्याचे ते उदाहरण होय. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते व १९५९ मध्ये ते चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात आले.

राणी हिराई ही बीरशाहची पत्नी. अठराव्या शतकाच्या प्रारंभी बीरशाहची हत्या झाल्यावर तिने रामशाह यास दत्तक घेऊन गादी सांभाळली. चंद्रपूर येथील बीरशाहची समाधी तिने बांधविली. महाकाली मंदिराचे बांधकामही तिच्याकडे दिले जाते. तेथील चैत्री यात्रेस मराठवाडा व तेलंगणातूनही भाविक येतात. राजघराण्यातील बहुतेक स्त्रियांची नावे विस्मृतीत गेली असता हिराईचे नाव मात्र या वास्तूंमुळे लोकस्मृतीत राहिले आहे.