टकटक होते, पण मोटार चालू होत नाहीं

मानोरा तालुक्यांतील एखाद्या गांवाहून रात्रीं रुग्णास वाशिमला न्यावयाचें आहे. आणि चावी फिरवितांच मोटार केवळ ‘टक्’ करून स्तब्ध राहते. अशा वेळीं तो आवाज नीट ऐकणें, हाच पहिला उपाय होय.

चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत आला, तेव्हांपासून हॅण्डल मारण्याचे कष्ट हळूहळू संपले. चावी फिरली कीं सोलेनॉइड हें विद्युच्चुंबक ओढलें जातें. त्यास थोडा प्रवाह पुरतो; स्टार्टरास मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात. बॅटरी क्षीण असली म्हणजे दाब कोसळतो, चुंबक सुटतें व पुन्हां ओढलें जातें. जलद टकटक ती हीच.

परीक्षा अशी: गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, हातब्रेक ओढून, दिवे लावावे व चावी फिरवावी. दिवे मंदावले तर बॅटरी उतरली आहे, किंवा तिचीं टोकें सैल वा गंजलेलीं आहेत. टोकें घासून घट्ट करण्यास पैसा लागत नाहीं. म्हणून तेंच प्रथम करावें. दिवे तेजस्वी राहून एकच ‘टक्’ झाला, तर दोष बहुधा सोलेनॉइडांत किंवा स्टार्टरांत असतो.

बॅटरीजवळ विडी पेटवूं नये. तींतून निघणारा हायड्रोजन वायु स्फोटक असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यांत बॅटरी आंतून झिजते आणि तिचा दुबळेपणा पुढें थंडींत उघड होतो. यास्तव दसऱ्याला गाडीस हार घालण्यापूर्वीं व्होल्टमीटर लावून पाहावा. विसांवलेली भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते.