कासवाच्या पाठीवरचा सॅटेलाइट टॅग नेमका काम कसा करतो?

आमच्या पौडवरून ताम्हिणी घाटमार्गे कोकणात जाताना एक गोष्ट तुम्हीही अनुभवली असेल. घाटात मोबाइलची रेंज जाते. तरी मॅपवरचा आपला निळा ठिपका पुढे सरकत असतो, कारण जीपीएस फक्त उपग्रहांकडून सिग्नल घेतं. पण घरच्यांना पाठवलेलं लाइव्ह लोकेशन मात्र जागच्या जागी अडकतं. म्हणजे 'मी कुठे आहे' हे कळणं वेगळं आणि ते दुसऱ्याला कळवणं वेगळं. समुद्री प्राण्यांना टॅग लावताना खरी अडचण हीच असते. भर समुद्रात टॉवर नाही, आणि खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जवळपास जातच नाहीत.

आधी नोंद, मग सिग्नल

प्राण्यालाच यंत्र लावायची कल्पना तशी जुनी आहे. १९६०च्या दशकात अंटार्क्टिकात जेराल्ड कूयमन यांनी वेडेल सीलची डुबकी मोजली, तीही स्वयंपाकघरातल्या टायमरपासून केलेलं यंत्र वापरून! अशा यंत्राला डेटा लॉगर म्हणतात. त्यात नोंद साठते, पण ती वाचायला यंत्र परत हाती यावं लागतं. सील श्वासासाठी बर्फातल्या त्याच भोकाशी परत येतो, म्हणून तिथे हे जमलं. कासव एकदा समुद्रात गेलं की परत कधी भेटेल याचा भरवसा नाही. तिथे सिग्नल पाठवणारा टॅगच लागतो.

कोकणातला प्रयोग

जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये वन विभागाच्या अखत्यारीतलं मँग्रोव्ह फाउंडेशन आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी रत्नागिरी जिल्ह्यात पाच ऑलिव्ह रिडले माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा असा पहिलाच प्रयोग. २०२३ मध्ये गुहागरलाच बागेश्री आणि गुहा यांना टॅग लागले.

मादी अंडी घालायला वाळूवर आली की टॅग कवचाच्या पुढच्या भागावर इपॉक्सीने चिकटवतात. तो भाग का? कारण श्वास घ्यायला कासव वर आलं की तोच आधी पाण्याबाहेर येतो. टॅगवर दोन धातूचे बिंदू असतात. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे कासव पाण्याखाली असताना त्यांच्यातलं सर्किट पूर्ण असतं आणि टॅग गप्प राहतो. वर आल्यावर सर्किट तुटतं आणि टॅग लगेच सिग्नल सोडतो. बॅटरी वाचते ती अशी.

हा सिग्नल पकडते १९७८ पासून चालू असलेली 'अर्गोस' ही उपग्रह यंत्रणा. गंमत म्हणजे टॅगला स्वतःची जागा माहीत असण्याची गरजच नाही. एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, बरोबर? तसंच उपग्रह जवळ येताना टॅगची फ्रीक्वेन्सी किंचित वाढलेली दिसते, लांब जाताना घटलेली. हा डॉप्लर परिणाम. या बदलावरून कासवाची जागा काढतात. चांगले सिग्नल मिळाले तर चूक २५० मीटरच्या आत राहते. एक-दोनच मिळाले तर ती कित्येक किलोमीटरची असू शकते. म्हणून नकाशावरची रेघ म्हणजे कासव तंतोतंत त्याच वाटेने गेलं असं समजू नका. ते श्वासाला जिथे वर आलं, तिथले अंदाजे ठिपके आपण जोडलेले असतात.

सिग्नल थांबला म्हणजे कासव मेलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर आहे, तसं सांगता येत नाही. बॅटरी संपते, अँटेना मोडते, टॅग गळून पडतो. कासव जाळ्यात सापडलेलंही असू शकतं. टॅगकडून मात्र सगळ्याला एकच उत्तर येतं, शांतता. पहिले पाचही टॅग असेच एकेक करून गप्प झाले.

मग मिळालं काय?

वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी घरटी जपली. पण अंडी घालून गेलेली आई पुढे कुठे जाते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बागेश्री दक्षिणेकडे जात थेट श्रीलंकेपर्यंत पोहोचली, तेव्हा पश्चिम आणि पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी हा समज डळमळला. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एक मादी सापडली. तिच्या पायावर ०३२३३ क्रमांकाचा साधा धातूचा टॅग होता. २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने तो ओडिशात लावला होता! या बिल्ल्याला बॅटरी नाही की सिग्नल नाही. त्याने फक्त दोन ठिपके दिले, पण चार वर्षांच्या अंतराने.

याचा संबंध मासेमारीशीही आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात कासवांना बाहेर पडायची सोय पुरेशी नाही, म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. कासवं कोणत्या महिन्यात कुठे असतात हे कळलं, तर नेमकी तिथे आणि तेव्हाच काळजी घेता येईल. वर्षभर सगळ्यांची जाळी अडवावी लागणार नाही.

अर्थात सात माद्यांवरून सगळ्या कासवांचं गणित मांडता येत नाही. आणि नर तर अंडी घालायला किनाऱ्यावर येतच नाहीत, त्यामुळे वाळूवर थांबून त्यांना टॅग लावताच येत नाही. त्यांच्यासाठी बोट घेऊन समुद्रातच जावं लागेल.